मेन बंद केलं का?

आमच्याकडे रात्री साडेदहाला बाबा घरभर एक फेरी मारतात. आधी गॅसचा नॉब, मग दाराची वरची कडी, मग बाथरूमचा नळ, आणि शेवटी टीव्हीमागचं भिंतीवरचं बटण. खट्. रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे टीव्ही बंद झाला असं ते मुळीच मानत नाहीत, लाल दिवा दिसतोय म्हणजे मीटर फिरतोय, आणि पावसाळ्यात वीज कडाडली तर काय घ्या. चाळीतल्या शटरवाल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपासूनची सवय आहे ही, आता काय सुटणार. मी आत जाऊन पडलो तरी हॉलमधून आवाज येतोच, "मेन बंद केलंस का रे?"

हे आधीच सांगून ठेवतोय कारण टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर बनवायचा म्हणून जवळपास आठ महिने मी प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट यांचे तक्ते करण्यात घालवले, एक्सेल शीटमधे सतरा कॉलम झाले, आणि त्या सतरात हे बटण कुठेच नव्हतं.

एचटीपीसी म्हणजे होम थिएटर पीसी, टीव्हीखाली बसणारा कॉम्प्युटर, आणि तो कॉम्प्युटर आहे हे घरातल्यांना कळू नये यातच त्याचं यश. कॉलेजात असताना हे वेड डोक्यात शिरलं होतं. मायक्रोसॉफ्टने २००२ मधे टीव्हीवर सिनेमे-गाणी लावायचं विंडोज मीडिया सेंटर आणलं होतं (आणि २०१५ ला विंडोज १० आल्यावर काढूनही टाकलं), दुसरीकडे एक्सबॉक्सवाल्या उत्साही मंडळींचं तसंच सॉफ्टवेअर एक्सबीएमसी होतं, ज्याचं २०१४ मधे कोडी असं बारसं झालं. तेव्हा सगळं वाचायचो, पैसे नव्हते. आता पैसे थोडेफार आहेत तर गरजच उरली नाही, कारण बोटभर लांबीची स्टिक टीव्हीच्या मागे खोचली की सगळं दिसतं. उलट कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे ओटीटी बघायला जा, कॉपी प्रोटेक्शनमुळे बऱ्याच ठिकाणी ४के मिळतच नाही, लिनक्स असेल तर आणखीच हाल. म्हणजे पंचवीस हजारांचं मशीन बनवायचं आणि चित्र स्टिकपेक्षा वाईट बघायचं. बायकोने हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग बनवतोयस कशाला?"

उत्तर कपाटावर होतं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि रेक्झिनची दोन पाकिटं, त्यात बाबांच्या नाटकांच्या व्हीसीडी. मी मोजल्या, एकेचाळीस नाटकं, अठ्ठ्याऐंशी सीडी. दादरला, ठाण्याला, नाट्यगृहाबाहेरच्या स्टॉलवरून वर्षानुवर्षं घेतलेल्या, प्रत्येकीच्या कव्हरवर आत बॉलपेनने तारीख. त्यांचा व्हीसीडी प्लेअर कधीचा गेलेला, नवीन मिळत नाही, आणि यूट्यूबवर अमुक नाटक आहे म्हटलं तर "तो प्रयोग वेगळा, माझ्याकडे आहे त्यात दुसरा नट आहे" हे ठरलेलं. हे काम स्टिकने होणारं नव्हतं.

खरं तर इथेच सगळा हिशेब सोपा व्हायला हवा होता. पण मी काय केलं, तर ५५ इंची ४के टीव्ही आहे म्हणून ४केच्या हिशेबाने सुरुवात केली. एचडीआर पाहिजे, एव्ही१ या नव्या व्हिडिओ पद्धतीचं डिकोडिंग पाहिजे, आठ टीबीची हार्ड डिस्क पाहिजे, ५.१ साउंड पाहिजे, पुढेमागे लागेल म्हणून ग्राफिक्स कार्डाला स्लॉट पाहिजे. आमचा हॉल दहा बाय पंधरा. डोंबिवली. खिडकीतून रेल्वे लाइन दिसते. मागचे दोन स्पीकर लावायचे तर एक देव्हाऱ्यात गेला असता आणि दुसरा दिवाणावर, आईच्या उशीत.

मग एक दिवस सहज कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. व्हीसीडीचा व्हिडिओ सेकंदाला ११५० किलोबिट, आवाज २२४, म्हणजे तासाभराच्या सीडीला सहाशे-साडेसहाशे एमबी. अठ्ठ्याऐंशी सीडी धरल्या तर सत्तावन्न जीबी. बाबांची सगळी दौलत माझ्या मोबाइलमधे मावून वर जागा उरली असती. आठ टीबीचा कॉलम गुपचूप डिलीट केला.

तरीही एकदम मिनी पीसी मागवून मोकळा झालो नाही, कारण स्वतः निवडून जोडण्याची खाज. आणि ऑफिसातला एक जुना स्लिम पीसी भंगारात निघत होता तो आणून आधी टीव्हीला लावून बघितला, हे मात्र फार बरं केलं. महिनाभरात त्याने जे शिकवलं ते शीटच्या सतरा कॉलमांनी शिकवलं नव्हतं.

पहिला धडा एचडीएमआयचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या केबलचा. टीव्हीला लावला, ४के दिसलं, मी खूश, आणि माऊस हलवला तर बाण सरकायच्या ऐवजी ठेचकाळत चाललाय. त्या बोर्डावरचं पोर्ट होतं एचडीएमआय १.४, त्यातून सेकंदाला जेमतेम १०.२ गिगाबिट जातात, म्हणजे ४केला सेकंदाला तीसच चित्रं. १८ गिगाबिटवाल्या २.० ला साठ मिळतात. आणि गंमत ही, की हे प्रोसेसरवर ठरत नाही. तोच आय३, तोच चिपसेट, पण एका बोर्डावर ३० हर्ट्झ (सेकंदाला तीस चित्रं) आणि पाचशे-हजार रुपये जास्त दिले की शेजारच्या बोर्डावर ६०, आणि खोक्यावर दोघांच्याही ठळक अक्षरात "४के सपोर्ट". खरं स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली बारीक टाइपात असतं. बोर्ड घेताना चिपसेट, रंग, दिवे काही बघू नका, आधी ते बारीक टाइपातलं हर्ट्झ वाचा. सिनेमा २४ चित्रांचा असतो, तो १.४ वर पण नीट चालतो म्हणा, पण मेनू सरकवताना डोकं उठतं.

दुसरा धडा आईने दिला. आई हॉलमधे दिवाणावर झोपते. आता आमच्या खिडकीखालून पहाटेपर्यंत मालगाड्या जातात, फास्ट लोकल भोंगा मारत जाते, तिची पापणी हलत नाही, पन्नास वर्षं डोंबिवलीत काढलीत. पण तो स्लिम पीसी चालू होता त्या रात्री तीनदा उठली. "डास आहे का रे कुठे?" डास नव्हता, एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा पंखा होता. या बारीक कॅबिनेटांमधे एसएमपीएस पण बारीक आणि त्याचा पंखा चहाच्या बशीपेक्षा लहान, लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं, मग तो गुणगुणत नाही, किणकिणतो. मोठा पंखा सावकाश फिरतो त्याचा आवाज कानाआड जातो. आणि एकसारखा आवाज माणूस विसरतो, कमीजास्त होणारा नाही विसरत, कॉम्प्युटरचा पंखा नेमका तसाच, फाइल उघडली की चढतो, थांबली की उतरतो. पंधरा दिवस मी बायोसमधे (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधे) जाऊन पंख्याच्या वेगाशी खेळत बसलो. साउंडसाठी मशीन बनवायला निघालेला माणूस रात्री अकराला जमिनीवर कान लावून आवाज नाहीये ना ते ऐकतोय असं दृश्य होतं.

तिसरा धडा जरा भीतीदायक. आई ओल्या फडक्याने पीसी पुसायला गेली आणि हात मागे घेतला, "मुंग्या आल्या रे." मी हात लावून बघितला तर खरंच, पत्र्यावर बोट फिरवलं की बारीक झिणझिण्या. टेस्टर लावला, मिणमिणता पेटला. एसएमपीएसच्या आत फिल्टरला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात या भरवशावर की बॉडी अर्थिंगला आहे. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ असतो, पण दचकवतो, आणि टीव्ही, केबलची वायर, साउंडबार हे सगळं एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो तो याचाच भाऊ. आमच्या भिंतीवरच्या पॉइंटला तिसरं भोक होतं, त्याच्यामागे वायरच नव्हती. बिल्डिंग बांधल्यापासून नुसतं शोभेचं भोक. इलेक्ट्रिशियन आला, मीटरपर्यंत वायर ओढून दिली, घूं पण गेलं. पूर्ण बिल्डमधली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच ठरली, हिरवी वायर.

बाबा बाजूला उभे राहून बघत होते. "म्हणून मी म्हणतो मेन बंद करत जा," एवढंच बोलले. टेक्निकली ते काही अगदी चूक नव्हते हे मला मान्य करावं लागलं.

आता शीट जवळपास रिकामी झाली होती. पंखा नको, एसएमपीएस नको, ४के साठ हर्ट्झ पाहिजे, शोकेसच्या खणात मावायला हवं, खणाची उंची साडेसहा इंच. इंटेलने जानेवारी २०२३ मधे एन१०० नावाचा एक साधासुधा प्रोसेसर आणला होता, चार कोअर, सहा वॅटचं रेटिंग. मी आधी बघत होतो त्या आय३-१२१०० चं साठ आहे. एव्ही१ सकट आजचे सगळे व्हिडिओ हार्डवेअरमधे उलगडतो. हा सुटा मिळत नाही, मदरबोर्डवर सोल्डर केलेलाच येतो, वर पंख्याऐवजी नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि काही बोर्डांना तर लॅपटॉपसारखी १९ व्होल्टची पिन असते, म्हणजे एसएमपीएस बाहेर, आवाज शून्य. रॅमला एकच स्लॉट, लॅपटॉपवाली रॅम. गेमिंगवाले नाक मुरडतात. मुरडू देत.

आणि कॅबिनेट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला हे सांगायला लाज वाटते. सीडी वाचायची म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह पाहिजे, ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची बे, म्हणजे पुढचा खण पाहिजे, हल्लीच्या कॅबिनेटना तो बेच नसतो, पुढे नुसती काच आणि आत रंगीत दिवे. बेवालं आणि आडवं ठेवता येणारं आणि साडेसहा इंचात मावणारं असं कॅबिनेट मी दीड महिना शोधत होतो. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, सीडी तर एकदाच कॉपी करायच्या ना?" एकदाच. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर ऑफिसमधल्या एकाच्या ड्रॉवरमधे पडून होता, महिन्यासाठी मागून आणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सामान लॅमिंग्टन रोडवरूनच घ्यायचं हे मात्र ठरलेलं, ऑनलाइन स्वस्त पडलं असतं तरी. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे पण १९०३ ते १९०७ मधे गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन काही तिथून हलायला तयार नाही. बाबा बरोबर आले. त्यांच्या डोक्यातला हा रस्ता वेगळाच, थिएटरांचा, 'शोले' जिथे पाच वर्षं मुक्काम ठोकून होता ते मिनर्व्हा इथलंच. आता ते नाही. मी गल्लीत रॅमचे भाव विचारत होतो आणि ते बाहेर उभं राहून कुठे काय होतं ते वॉचमनला सांगत होते.

काउंटरवरच्या पोराने विचारलं, "गेमिंग है या एडिटिंग?"

"नाटकं बघायला," मी मराठीतच म्हटलं.

पोरगं मराठी निघालं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागे बाबांकडे. "साहेब, नाटक बघायला पीसी कशाला? बरं, घेताय तर ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या, पुढेमागे लागेल." हे पुढेमागे मी स्वतःला आठ महिने सांगत होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर किती पोकळ वाटतं ते कळलं. बोर्ड दुकानात नव्हता, चार दिवसांनी परत यावं लागलं. आठ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी, पुस्तकाएवढं कॅबिनेट. ॲडॉप्टर माझ्या मेलेल्या लॅपटॉपचा, व्होल्टेज तेच १९, पिन जुळेना म्हणून पंचाहत्तर रुपयांचा कन्व्हर्टर. सगळं बिल, वर अठरा टक्के जीएसटी धरून, ठरवलेल्या पंचवीस हजारांच्या बरंच खाली आलं. जोडायला पाऊण तास लागला. जोडताना वाईटच वाटलं जरा, संपलंच लगेच.

सीडी उतरवायला मात्र तीन आठवडे गेले. व्हीसीडी कॉम्प्युटरवर उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात एव्हीएसईक्यू०१.डीएटी, बस, तेच नाटक. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमधे, म्हणजे छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करायची जास्तीची सोय असते, व्हीसीडीवाल्यांनी ती सोय काढून २३२४ बाइट भरले, तेवढाच सिनेमा जास्त मावतो म्हणून. त्यामुळे डेटा सीडी जो ओरखडा पचवते तो व्हीसीडीला पचत नाही, चित्रात चौकोन उसळतात, आणि विंडोज तर कॉपी करता करता हात टेकतं. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. काही सीडींवर बाबांनी पूर्वी टूथपेस्ट लावून बघितली होती (कुणीतरी पेपरात वाचलेलं), त्या पुदिन्याच्या वासासकट गेल्या. अठ्ठ्याऐंशीतल्या पाच वाचल्याच नाहीत. त्यातल्या एका नाटकाची फक्त दुसरी सीडी शिल्लक आहे, बाबा ती तशीच बघतात, म्हणतात पहिला अंक पाठच आहे.

पडद्यावर पहिल्यांदा लावलं तो क्षण मला वाटला होता तसा मुळीच नव्हता. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे एक लाख ठिपके. टीव्हीवर काळ्या पट्ट्या सोडून उरतात बासष्ट लाख. मूळच्या एकेका ठिपक्याला एकसष्ट ठिकाणी पसरावं लागतं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी आधी हौसेने चित्र मोठं करायचं सगळ्यात धारदार स्केलिंग लावलं तर नायिकेच्या गालावर चौकोनी फरशा दिसायला लागल्या. मग कोडीत सगळ्यात साधं, मऊ, बायलिनिअर लावलं तेव्हा कुठे माणसं माणसांसारखी झाली. दुसरी एक गोष्ट, आपल्याकडच्या व्हीसीडी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रं. टीव्ही ६० हर्ट्झवर असला की पंचवीसचा भाग साठात जात नाही, मग कुठलं चित्र दोनदा कुठलं तीनदा दाखवतो, आणि नट डावीकडून उजवीकडे निघाला आणि कॅमेरा त्याच्यामागे सावकाश वळला की सगळा रंगमंच थरथरतो. टीव्हीला ५० वर ठेवला की प्रत्येक चित्र बरोब्बर दोनदा. कोडीला एक सेटिंग आहे, फाइल बघून तो आपोआप टीव्हीचा वेग बदलतो, पडदा दोन सेकंद काळा होतो. बाबांना ते दोन सेकंद फार आवडतात. पडदा उघडायच्या आधीचा अंधार म्हणतात.

रिमोट सोपा होता. साध्या मदरबोर्डांच्या एचडीएमआयला सीईसी सहसा नसतं, म्हणजे टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटर ऐकत नाही, म्हणून यूएसबीवाला वेगळा घेतला आणि पाच बटणं सोडून बाकी सगळ्यांवर काळी इन्सुलेशन टेप. त्यावर आईने प्लास्टिकचं कव्हर घातलं, ते आमच्याकडे सगळ्याच रिमोटना असतं.

आणि मग पहिल्याच रात्री साडेदहाला, खट्.

मी विंडोज टाकलेलं. सकाळी ते डिस्क तपासत बसलेलं. दुसऱ्या रात्री खट्, सकाळी अपडेट अर्धवट. मी म्हटलं, "बाबा, याला असं एकदम बंद करायचं नसतं, आधी मेनूत जाऊन शटडाऊन, ते झालं की दिवा जातो, मग बटण." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रात्री खट्. चार दिवस हे चाललं आणि पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की इथे सवय माझी बदलली पाहिजे, ते शहात्तर वर्षांचे आहेत. विंडोज काढलं, लिब्रइलेक टाकलं. ते कोडीपुरतंच बनवलेलं छोटं लिनक्स आहे, मूळ सिस्टीम फक्त वाचायची, तिच्यावर रोजच्या वापरात काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे मधेच वीज गेली तरी फारसं काही बिघडत नाही. आणि बायोसमधे एक ओळ असते, वीज गेली आणि परत आली तर काय करायचं. तिथे "चालू हो" असं निवडलं. झालं. संध्याकाळी बाबा भिंतीवरचं बटण दाबतात, वीसेक सेकंदात नाटकांची यादी पुढे. रात्री बटण बंद. मध्यरात्री लाइट जाऊन आली तरी हे मशीन जागं होत नाही कारण मेन बंद असतं. अख्ख्या बिल्डमधे पॉवर बटण हा प्रकारच वापरात नाही, ते कॅबिनेटच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून आहे.

पंखा नसल्यामुळे आता हॉलमधे एवढं शांत असतं की रेकॉर्डिंगमधल्या नको त्या गोष्टी ऐकू येतात. तिसरी घंटा होते, कुणीतरी खोकतं, खुर्ची करकरते, आणि एका नाटकात तर नट अडखळला की विंगेतून कुणीतरी हळूच शब्द पुरवतं ते स्पष्ट येतं. बाबा एवढी वर्षं तो प्रयोग बघतायत, त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं. परत मागे घ्यायला लावलं. परत ऐकलं. "बघ, तरी मी म्हणायचो हा अडखळतो."

एकच तक्रार राहिली होती. मी मोठ्या हौसेने प्रत्येक नाटकाच्या दोन्ही सीडी जोडून एकच फाइल केली होती, मधे तुटायला नको. दुसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "हे मधे थांबत का नाही?" सीडी अंकाच्या शेवटी तुटायची असं पण नाही, कुठेही तुटायची, एका नाटकात तर "अहो पण मी तुम्हाला" एवढ्यावरच पहिली सीडी संपते. पण त्या वाक्याला ते गेली कित्येक वर्षं उठतात, आईला चहाचं विचारतात, पाय मोकळे करून येऊन बसतात आणि मग पुढचं. आता वाक्य पूर्ण होऊन नाटक पुढे निघून जात होतं आणि हे अर्धवट उठलेले.

रविवारी बसून सगळ्या फायली परत दोन दोन केल्या.